आधी अक्षर की आधी अधिकार?



लोकशाही म्हटली की आपल्याला निवडणूक आठवते. आणि सुजाण नागरिक म्हटला की शाळेतले नागरिकशास्त्राचे पातळसे पुस्तक आठवते. त्या पुस्तकात हक्क दिलेले असतात, कर्तव्ये दिलेली असतात. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुटी लागली की विसरतात. मग नागरिक घडतो तरी कुठे? या प्रश्नाच्या मागे आणखी एक जुना प्रश्न उभा आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याच्या हाती कारभार द्यावा का? की आधी त्याला शिकवावे आणि मग अधिकार द्यावा?

हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत पुष्कळ चर्चिला गेला. पण आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो प्रत्यक्ष करून पाहिला गेला. कुणी वसतिगृह काढून पाहिले, कुणी राज्य लोकांच्या स्वाधीन करून पाहिले, कुणी अख्ख्या गावाला रात्रीच्या वर्गात बसवून पाहिले. आज या तिन्ही प्रयोगांची हकीकत आपण पाहू या. त्यांत आपल्या आजच्या कामाचे काही सापडते का, तेही पाहू या.

प्रथम थोडा भूगोल सांगतो. आजचे हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखात संस्थानांचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे विखुरलेले होते. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही त्यांतली काही नावे. एका गावाला इंग्रजांचा कायदा आणि शेजारच्या गावाला संस्थानिकाचा, अशी स्थिती होती. म्हणूनच शेजारी शेजारी वेगवेगळे प्रयोग होऊ शकले.

आता मूळ दुखण्याकडे वळू. खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही याच सातारा जिल्ह्यात. १८८२ साली सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले, तेव्हा जोतीरावांनी त्यापुढे आपले निवेदन मांडले. त्यांचे म्हणणे कोणाही कुणब्याला कळेल इतके सरळ होते. सरकारचा खजिना भरतो तो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. तेव्हा खेड्यातल्या मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे शिक्षण ही दानधर्माची बाब नाही, ते रयतेचे स्वतःच्याच पैशावरचे येणे आहे, हा हिशेब जोतीरावांनी मांडला.

तो हिशेब सरकारने मनावर घेतला नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. शेजारच्या कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे काय, हे जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकले आहेच.

पण शाळेचे दार उघडले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. हाच मुलगा पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वयातल्या शाळेच्या आठवणी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहानेले राहायचे.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा थांबून विचार करू. त्या वर्गात अंकगणित शिकवले जात असेल, व्याकरण शिकवले जात असेल. पण त्यासोबत आणखी एक धडा दररोज शिकवला जात होता: कोणी कुठे बसायचे आणि पाण्याला कोणी शिवायचे. तो फळ्यावर लिहिलेला नव्हता, तरी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तो ध्यानात राहिला. नागरिकशास्त्राचा खरा धडा असा मिळतो, वाईटही आणि चांगलाही.

हे ज्याने नेमके ओळखले आणि चांगल्या धड्याची शाळा काढली, तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. स्वतः भाऊराव मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले, आणि त्या फिरतीत त्यांनी खेडी आतून पाहिली. कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. तिथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. नावातच सगळे आले. रयत म्हणजे सारा भरणारी, कारभारात मात्र जिचे कोणी विचारत नाही, अशी सामान्य जनता.

भाऊरावांनी सुरुवात वसतिगृहापासून केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह चालू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशा सगळ्या जातिधर्मांची पोरे तिथे एका छपराखाली राहू लागली. पोरांनीच दळायचे, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, झाडलोट करायची, शेतात राबायचे, आणि एका पंगतीत जेवायचे. बाहेर गावात विहिरीवरून भांडणे होत होती त्या दिवसांत आत ही पंगत बसत होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिले गेले.

पंगत बसवणे सोपे. ती रोज बसती ठेवणे कठीण. वसतिगृहात दाणा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. या संस्थेचा इतिहास लिहिताना इमारतींची यादी पुष्कळांनी केली आहे. पण पहिल्या पोरांच्या पोटात गेलेल्या भाकरीचे मोल त्या माउलीने चुकते केले होते, हे विसरून चालणार नाही.

स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, असे संस्थेने ठरवले. कुणी म्हणेल की यात गरिबीची सोय पाहिलेली होती. सोय होतीच. परंतु आणखीही काही होते. जो मुलगा स्वतः राबून आपली फी भरतो, तो कुणाच्या उपकाराखाली राहत नाही. आणि जो उपकाराखाली नाही, तोच पुढे चारचौघांत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. पाटलाने सांगितले म्हणून हो, सावकाराने सांगितले म्हणून हो, अशी मान हलवण्याची सवय त्या कामातून मोडली.

नंतर संस्थेचा व्याप वाढत गेला. १९३५ साली खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय साताऱ्यात निघाले. ज्या वाडी-वस्तीवर सरकारी शाळा नाही, तिथे गावाने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक द्यायचा, अशा व्हॉलंटरी शाळा निघाल्या, आणि दहाबारा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. देवळाच्या ओवरीत, चावडीत, कुणाच्या गोठ्याशेजारच्या सोप्यात या शाळा भरत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले आणि कमवा व शिका ही योजना कॉलेजच्या पायरीपर्यंत पोहोचली.

भाऊरावांचे उत्तर असे होते, की नागरिक शिकवून तयार होत नाही, तो एकत्र राहून आणि एकत्र काम करून तयार होतो; अक्षर त्या कामाच्या जोडीने येते.

आता दुसरा प्रयोग पाहू. तो झाला एका राजाच्या राज्यात.

औंध हे संस्थान लहानसे, अवघ्या ७२ गावांचे. तीही एकसलग नव्हती. औंध साताऱ्याकडे, तर आटपाडी आणि कुंडल ही आज सांगली जिल्ह्यात असलेली गावे त्याच राज्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तो औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली म्हणून. हे राजेसाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. आपल्या शाळांतून त्यांनी मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले.

या राजाने नोव्हेंबर १९३८ मध्ये आपल्या प्रजेला जाहीर केले की राज्याचा कारभार मी तुमच्या स्वाधीन करतो. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर यांची यामागे मोठी खटपट होती. फ्रीडमन भारतानंद या नावानेही ओळखले जात. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा तयार झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो अंमलात आला. गावाने पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती बनायची. आणि तालुक्यांतून संस्थानची विधानसभा. म्हणजे सत्तेची इमारत पायापासून वर बांधायची. आज आपण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद म्हणतो, त्याची ओळखीची चाहूल त्यात लागते. आपली जिल्हा परिषद १९६२ साली आली. औंधच्या गावांनी अशा तऱ्हेचा कारभार त्यापूर्वी तेवीस वर्षे पाहिला होता.

पण या घटनेत एक अट होती. मत देण्यासाठी लिहिता-वाचता आले पाहिजे. अट घालणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. मताची ओढ लागली की माणूस शिकेल, आणि शिकलेला माणूस कारभार नीट करील, असा त्यांचा विचार होता. अधिकार हे फळ आणि अक्षर ही त्याच्याकडे जाणारी शिडी, असे म्हणा ना. म्हणून औंधमध्ये प्रौढांना शिकवण्याला कारभाराइतकेच महत्त्व आले.

त्याच राज्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली. तिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, शेती करत, विश्वासावर राहत. १९५७ साली आलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हीच वसाहत होती. तिथे मात्र उलटी रीत दिसते. कैद्याला आधी चांगला बन आणि मग मोकळा सोडतो, असे म्हटले नाही. आधी मोकळे ठेवले आणि त्या मोकळिकीतून तो चांगला बनेल असा भरवसा धरला. एकाच राज्यात एका कामाला अट होती आणि दुसऱ्या कामाला भरवसा होता. यांतले बरोबर कोणते?

याचे उत्तर औंधच्या घटनेपूर्वी दहा वर्षे एका माणसाने देऊन ठेवले होते. तो माणूस म्हणजे साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला तो विद्यार्थी. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई इलाख्याची एक समिती नेमली होती. तिच्या बाकीच्या सभासदांशी मत जुळेना, म्हणून डॉक्टर आंबेडकरांनी मे १९२९ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला. त्यात साक्षरतेच्या अटीचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. अट घालणारे दोन चुका करतात, असे त्यांनी दाखवले. निरक्षर माणूस अडाणीच असतो असे धरून चालणे, ही पहिली. आणि साक्षर झाला की आपोआप शहाणा झाला असे मानणे, ही दुसरी. शिवाय, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांनाच आता तुम्ही शिकलेले नाही म्हणून मत नाही असे सांगणे, म्हणजे जखमेवर मीठ चोळणे.

यातला विचार आपल्या रोजच्या व्यवहारावर घासून पाहा. आपल्या आजीला सही करता येत नसेल. पण घर कसे चालते, दुष्काळात कणगी कशी पुरवायची, गावात कोणाचा शब्द खरा आणि कोणाचा खोटा, हे तिला बरोबर कळत होते. ती निरक्षर होती, अडाणी नव्हती. आणि सही ठोकून दुसऱ्याची जमीन लाटणारी शिकलेली माणसेही आपण पाहिली आहेत.

औंधचे राज्य १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो प्रयोग नऊ वर्षांत आटोपला. पण औंधच्या माणसांची हिंमत कमी लेखू नये. हिंदुस्थानात बहुतेक संस्थानिक प्रजेची सभासुद्धा भरू देत नव्हते, त्या काळात एका राजाने आपण होऊन राज्य खाली ठेवले होते. त्यांची अट चुकली असेल, दिशा चुकली नाही.

पुढे भारताची राज्यघटना झाली. २६ जानेवारी १९५० पासून ती अंमलात आली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला. शिक्षणाची अट नाही, जमिनीची नाही, जातीची नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातले शंभरांपैकी सुमारे अठराच लोक साक्षर होते. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत सतरा कोटींहून अधिक नावे आली. जगाने याला वेडे धाडस म्हटले.

मग वाचता न येणाऱ्याने मत द्यायचे कसे? त्यासाठी युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि पेटीवर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झोपडी अशी खेड्यातल्या माणसाच्या ओळखीची चिन्हे निवडली. मतदाराने आत जायचे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. दुसरी एक अडचण मात्र कागदाच्या युक्तीने सुटली नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगून कित्येक बायका थांबल्या, स्वतःचे नाव सांगेनात. अशी देशभरातली, विशेषतः उत्तरेकडची, सुमारे अठ्ठावीस लाख नावे यादीतून गळली. यावरून एक गोष्ट कळते. घटनेने अधिकार दिला. पण मी अमकी, हे माझे नाव, असे चारचौघांत सांगण्याचे बळ घटनेच्या कागदातून येत नाही. ते कुणीतरी जवळ बसून द्यावे लागते.

म्हणजे देशाने प्रश्नाचे उत्तर दिले होते: आधी अधिकार. आता अक्षराचे देणे देशाच्या अंगावर आले. ते फेडायला गावच पुढे सरसावले, आणि इथेच तिसरा प्रयोग येतो.

१९५९ साली, ज्या वर्षी ९ मे रोजी भाऊराव पाटील वारले त्याच वर्षी, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे १९६१ पासून ती महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत पसरली. मोहिमेची रीत साधी होती. एकेका माणसाला शिकवायचे असे न ठरवता अख्खे गाव साक्षर करायचे ठरवले. चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्या निरक्षर स्त्रीपुरुषांची यादी करायची. चार महिन्यांचा वर्ग चालवायचा. शिकवणार कोण? दिवसभर पोरांना शिकवून थकलेला गावचा प्राथमिक शिक्षकच. त्याच्या जोडीला गावातली शिकलेली माणसे आणि वरच्या वर्गातली मुले. या कामाचा वेगळा पगार नाही. रात्री जेवणखाण उरकले की कंदिलाच्या उजेडात वर्ग बसे. ज्या पोराला दिवसा बाप शाळेत सोडायचा, तोच पोर रात्री बापाला गिरवून दाखवी.

गावातले सगळे शिकले, तपासणी झाली, की ग्रामगौरव समारंभ होई. गाव सारवून, तोरणे बांधून सजवत, मिरवणूक काढत, आणि ग्रामदैवतासमोर सगळे गाव शपथ घेई: आम्ही पुन्हा निरक्षर होणार नाही, आमची मुले शाळेत धाडू, गाव पुढे नेऊ. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपला राहिला, ही गोष्ट गावाच्या जिवाला लागे. पैशाने जे काम झाले नसते ते या ईर्ष्येने झाले.

ग्रामदैवतासमोरची शपथ हा मला या मोहिमेचा सगळ्यांत शहाणपणाचा भाग वाटतो. एरवी शिक्षण म्हणजे ज्याचे त्याचे नशीब, असे समजले जाई. शपथेमुळे शेजाऱ्याचे निरक्षर राहणे ही गावाची उणीव ठरली. दुसऱ्याचे उणे ते आपले उणे वाटणे, याहून नागरिकपणा वेगळा काय असतो?

पण खरे ते सांगितले पाहिजे. समारंभाचे तोरण सुकले की पुष्कळ ठिकाणी अक्षरेही पुसट झाली. शिकलेले टिकावे म्हणून मोहिमेत फिरत्या वाचनालयांची योजना होती. जिथे पुस्तक पोहोचले तिथे वाचन टिकले. जिथे वाचायला काहीच हाती आले नाही, तिथे माणूस सहीपुरता साक्षर उरला. विहीर खणली पण मोट चालली नाही, तर पाणी दिसते, पण पिकाला मिळत नाही. अक्षराचेही तसेच आहे.

आजचे चित्र पाहा. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शंभरांतले ऐंशीहून अधिक लोक साक्षर निघाले. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेले येणे कागदावर वसूल व्हायला सव्वाशे वर्षे लागली. त्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. गावच्या ग्रामपंचायतीतही २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांना स्वतःचे नाव सांगायला संकोच वाटत होता, त्या आज सरपंच म्हणून सह्या करतात.

आता मोजमापाचा प्रश्न येतो. सही होते, पण सहीच्या वरचा मजकूर वाचला जातो का? शाळेच्या समितीचे इतिवृत्त सभेआधीच लिहून ठेवलेले असते का? ग्रामसभेची नोंदवही घरोघर फिरवून सह्या गोळा होतात का? तसे होत असेल, तर साक्षरतेचे आकडे वाढले तरी औंधच्या पंचांपेक्षा आपण मागेच आहोत. त्यांच्याजवळ अक्षरे थोडी होती, पण सभेला ते बसत होते.

तीन प्रयोगांनी आपल्याला काय सांगितले, ते थोडक्यात सांगतो. औंधने सांगितले की कारभार लोकांच्या हाती दिला की लोक शिकू लागतात. त्यांची अट मात्र देशाने बाजूला ठेवली, आणि तेच योग्य झाले. भाऊरावांनी सांगितले की एका पंगतीत बसल्याशिवाय आणि हाताने राबल्याशिवाय नागरिक तयार होत नाही. ग्रामशिक्षण मोहिमेने सांगितले की अक्षर हे एकट्याचे धन नाही, गावाचे आहे, आणि वापरले नाही तर ते गंजते. आधी अक्षर की आधी अधिकार, या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे जुळून येते: अधिकार आधीच मिळाला आहे, अक्षर हे त्याचे देणे आहे, आणि ते दर पिढीने नव्याने फेडायचे आहे.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात हे सहज करता येईल. पाणी कोण आणतो, झाडू कोण मारतो, पहिल्या बाकावर कोण बसतो, याच्या पाळ्या मुलांनाच ठरवू द्या. भांडण झाले तर निवाडाही त्यांनाच करू द्या. फक्त दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, एवढा नियम तुम्ही राखा. नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायतीची खरी नोटीस फळ्यावर लिहा आणि तिचा अर्थ लावायला सांगा. ही मुले घरी जाऊन तोच प्रश्न बापाला विचारतील, जशी पूर्वी रात्री बापाला गिरवून दाखवत.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते आणि तिच्याआधी महिलांची सभा भरते. येत्या सभेला जा. मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा म्हणावे. कोणी म्हणेल, वेळ नाही. तर तुमच्यातली सातवी-आठवीतली एखादी पोरगी उभी करा आणि तिला वाचू द्या. सगळ्या गावाने ते ऐकावे, आणि ऐकून मगच सही करावी.